सारखे नसलेले खांदे

दोन्ही खांदे अगदी सारखे असलेली बाई मला आजवर भेटलेली नाही. पस्तीस वर्षं गळ्यात टेप अडकवून वावरले आहे, तेव्हा हे मी अंदाजाने सांगत नाही. कुणाचा उजवा खांदा पाव इंच खाली असतो, कुणाची डावी बाजू जास्त भरलेली, कुणाच्या पाठीला बाक. आरशात ते दिसत नाही, कारण आरशासमोर आपण आपोआप ताठ उभ्या राहतो. टेपला मात्र दिसतं.

माझं दुकान रत्नागिरीच्या बाजारात, मुख्य रस्ता सोडून आत वळलेल्या बोळात आहे. दोन मशिनं, कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि पाटीवर माझं नाव. धंद्याबाहेरच्या लोकांना वाटतं, शिवणकाम म्हणजे मशीन चालवणं. मशीन अगदी शेवटी येतं. खरं काम टेप आणि कात्री यांच्या मधे होतं. पुष्कळ ठिकाणी कागदाचा एक ठरलेला नमुना असतो. छातीचं माप घ्यायचं, त्या मापाचा कागद कापडावर ठेवायचा आणि दोन्ही बाजू एकदम कापायच्या. काम भराभर होतं. मला ते कधी जमलंच नाही. मी डावी बाजू वेगळी मापते, उजवी वेगळी मापते आणि दोन्ही वेगळ्या कापते. पाठीला बाक असेल तर मागचा भाग लांब आणि पुढचा आखूड ठेवते, नाहीतर ब्लाऊज पुढून लोंबतो आणि मागून वर चढतो. त्यामुळे माझ्या कामाला वेळ लागतो. दिलेल्या तारखेला कपडा तयार नसणं ही माझी जुनी ख्याती आहे.

हा माझा गुण आहे असं मला बरीच वर्षं वाटलं नव्हतं. मला तो हट्टीपणा वाटायचा.

मधे एक काळ असा आला की बाजारात बुटीक निघाली. काचेची दारं, थंड हवा, पुतळ्यांवर चढवलेले ब्लाऊज. मुली मोबाईलवर फोटो घेऊन यायच्या. पाठीवर जाळी, जाळीवर मोर, मोराला मणी, खाली लटकन. मला गोल गळा, चौकोनी गळा आणि फार तर पानाचा गळा यायचा. फोटो बघून मी म्हणायचे, "करून बघू या." मुलींना तेवढ्यावरूनच कळायचं. हळूहळू दुकानात माझ्याच वयाच्या बायका उरल्या.

मग मी ठरवलं, आपल्यात जे कमी आहे ते भरून काढायचं. चिपळूणला एक क्लास लावला. पहाटेची एसटी धरून आठवड्यातून दोनदा जायचे. माझ्या लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसून जाळी कापायला शिकले. मणी लावताना सुई बोटात जायची. बाहेर पाटी लावली, ‘डिझायनर ब्लाऊज शिवून मिळतील’. दोन वर्षं मी जे येत नव्हतं त्याच्याच मागे होते. घरी नवऱ्याशी नीट बोलत नव्हते, आणि जे येत होतं त्याकडे लक्षच नव्हतं. माप घ्यायचे ते हाताच्या सवयीने.

त्या पाटीला भुलून ऋतुजा आली. लग्नाला तीन आठवडे होते. सोबत तिची आई. फोटोत पाठभर मोर होता, मान वर करून उभा. मी हो म्हटलं. आजही मला कळत नाही, मी कुठल्या तोंडाने हो म्हटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दोघी ब्लाऊज न्यायला आल्या. ऋतुजा पडद्यामागे घालून बाहेर आली आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिली. तिची आई जवळ येऊन पाठ बघू लागली. मोर कसला, मांडवी किनाऱ्याच्या खडकावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा झाला होता. मान तिरकी, शेपूट एका बाजूला ओढलेलं.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?" त्या म्हणाल्या. "उद्या लग्न आहे माझ्या मुलीचं. मांडवात सगळ्या पाठीमागे बसणार, पाठच बघणार!"

हातातली टाचण्यांची डबी मी उगीच उघडमीट करत होते.

त्या बोलत राहिल्या आणि त्यांचं चुकत नव्हतं. ऋतुजा मात्र आता आरशाकडे तोंड करून उभी होती. एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे. मग तिने ओढणी पदरासारखी डाव्या खांद्यावर टाकली आणि हात सोडून दिला.

"आई," ती म्हणाली, "खांदा बघ."

"कसला खांदा? पाठ बघ आधी."

"आई, बघ ना. पदर पडत नाहीये."

लहानपणी झाडावरून पडून तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून डावा खांदा चांगला अर्धा इंच उतरलेला. साडी नेसली की पदर घसरायचा, म्हणून ती दोन दोन पिना लावायची. फोटो काढताना नेहमी एका कडेला उभी राहायची. कॉलेजच्या एका समारंभात कुणीतरी ‘वाकडी’ म्हटलं होतं, तेही ती विसरली नव्हती. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी फक्त दोन खांदे वेगळे मापले होते आणि डाव्याच्या आत अस्तराखाली कॅनव्हासची पातळ पट्टी घातली होती. ते मी सगळ्यांनाच करते. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

ऋतुजा रडायला लागली. आधी मला वाटलं, मोरासाठी रडतेय.

"काकी," ती म्हणाली, "हा मोर काढता येईल का? बाकीचा असाच राहू दे. साधी पाठ चालेल मला."

मी त्यांना चार वाजता यायला सांगितलं आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. जाळी कापून काढली. उरलेल्या कापडाचे दोन तुकडे जोडून पाठ केली आणि मधला जोड दिसू नये म्हणून त्यावर साडीच्या काठाची पट्टी बसवली. चार वाजता त्या आल्या तेव्हा शेवटचं हुक टाचत होते. आई अजून रागातच होती. ऋतुजाने मात्र ब्लाऊज घडी करून स्वतःच्या पर्समधे ठेवला, पिशवीत नाही.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, "दुकान बंद करते. नाय जमत आता मला."

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. बोलणं मोजकं. त्यांनी झाला प्रकार सगळा ऐकून घेतला.

"मोर येत नाय तुला?"

"नाय."

"मग मोर कशाला करतेस गो?"

"सगळे तेच मागतात म्हणून."

"मी इतकी वर्षं घाटातून गाडी चालवली," ते म्हणाले. "मला इंजिन खोलता येत नाय. ते वर्कशॉपवाले बघत. मी काय त्याच्यासाठी रडत बसलो नाय. वळण बघणं माझं काम. ते मी बघितलं." आणि ते आंघोळीला निघून गेले.

मी दुकान बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त ती डिझायनरची पाटी उतरवली.

पण मोर मागणाऱ्या मुली यायच्या त्यांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. महिन्याभराने नाझनीन आली. राजिवड्याची, दोन मुलांची आई. घरी बसून मणीकाम करायची आणि जागा शोधत होती. तिने टेबलावर एक तुकडा ठेवला. त्यावरचं पाखरू बघून मी हात मागे घेतला, उडून जाईल असं वाटलं. दोन वर्षं चिपळूणच्या खेपा घालून मला जे साधलं नव्हतं ते हिच्या बोटांत आपसूक होतं.

"मावशी, मला मापाचं कापता येत नाही हां," ती आधीच म्हणाली. "कापायची भीती वाटते."

"मला मोर येत नाही," मी म्हटलं.

दोघी हसलो आणि दुसरं मशीन तिचं झालं. आता दुकान आम्हा दोघींचं आहे. माप आणि कापणं माझं, नक्षी तिची. तारखा द्यायचं कामही मी तिच्याकडे सोपवलं आहे. ती गिऱ्हाइकाला मी म्हणेन त्याच्या पुढची तारीख सांगते आणि मला अलीकडची सांगते. हे मला तीन वर्षांनी कळलं.

ऋतुजाने कुणाकुणाला सांगितलं असावं. कारण त्यानंतर माझ्याकडे वेगळ्याच बायका यायला लागल्या. संधिवाताने हुक लावता न येणाऱ्या, पाठीला पट्टा बांधणाऱ्या, एक हात दुसऱ्यापेक्षा बारीक असलेल्या. एकदा तर भक्कम मिशांचे गृहस्थ आले, गावच्या नमनाच्या खेळात राधेचं सोंग घेणारे. म्हणाले, "मिशी खेळाच्या दिवशी काढतो, पण खांद्यांचं काय करू?" त्यांचे खांदे मी झालरीच्या बाहीखाली असे लपवले की पुढच्या वर्षी शेजारच्या गावची राधाही आली. मिशीवाल्यांचं माप मी घेत असताना नाझनीन तोंडात ओढणी कोंबून आत पळाली होती.

हे हसण्यावारी नेण्यासारखं. पण याच दिवसांतली एक गोष्ट मला अजून झोंबते, आणि ती लिहिली नाही तर बाकीचं खोटं ठरेल.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. लोट्याकडून एक बाई एसटीने आली होती. तिचा नवरा तिथल्या कंपनीत पाळीवर कामाला, हे ती शेजारच्या बाईशी बोलताना मी ऐकलं. चाळिशीची असेल. सगळ्यांना पुढे जाऊ देत ती कोपऱ्यात थांबली. शेवटी माझ्याजवळ आली आणि अगदी हळू काहीतरी बोलली. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बाजूला मशीन चालू होतं. मला एवढंच ऐकू आलं की ऑपरेशन झालंय, एका बाजूचं काढलंय.

मी टाचण्या काढल्या आणि मोठ्याने विचारलं, "कुठली बाजू?"

तीन बायकांनी वळून बघितलं. तिचा चेहरा मी कसा सांगू? तिने पदर दोन्ही हातांनी गळ्यापर्यंत ओढून घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "नंतर येते."

मी उठेपर्यंत ती बोळाच्या टोकाला गेली होती. मागून हाक मारायची तर नाव माहीत नव्हतं. मी स्टँडपर्यंत गेले. लोट्यावरून जाणाऱ्या खेडच्या गाडीत चढून बघितलं, दुसऱ्या गाडीत बघितलं. मिळाली नाही. ती परत आली नाही. मला ज्यात गती आहे म्हणून ती एवढ्या लांबून आली होती आणि मी तिला दारातून परत पाठवलं. हात कितीही चांगला असला तरी गिऱ्हाइकाने त्या हातापर्यंत पोचायला हवं ना.

त्या दिवसापासून दुपारी एक ते तीन दुकान बाहेरून बंद असतं. बाजारही तेव्हा जेवायला गेलेला असतो. त्या वेळात एकच बाई येते, आधी फोन करून. पडदा जाड आहे. मी आधी विचारत नाही, तिलाच सांगू देते. अशा ऑपरेशननंतरच्या ब्लाऊजला आतून अस्तराचा खिसा करायचा असतो आणि त्यात कापसाची उशी. पण कापूस हलका, हात वर केला की उशी वर सरकते. पाच-सहा उश्या फुकट गेल्यावर आम्ही तिच्या खालच्या कडेला मोहरीची छोटी पुरचुंडी शिवायला लागलो. वजनाने ती जागेवर राहते. धुताना काढून ठेवायची. हे नाझनीनने सुचवलं. अशी पहिली उशी नीट बसली तेव्हा मला लोट्याची बाई आठवली. अजूनही प्रत्येक वेळी आठवते.

दुपारच्या या वेळेतच एकदा मीनलचा फोन आला. मीनल म्हणजे सावंत बाईंची सून. सावंत बाई आम्हाला नववीला गणित शिकवायच्या. मला भूमिती कधी आली नाही आणि बाईंनी ते मला कधी विसरू दिलं नाही.

बाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष झालं होतं. उजवा हात गेला होता. मीनल रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्यांना गाऊन घालून द्यायची. "त्या तक्रार करत नाहीत हो, सुमनताई," ती म्हणाली. "पण मी कपडे घालते तेव्हा डोळे मिटून घेतात. वर्षभर घराबाहेर पडलेल्या नाहीत. गाऊनमधे बाहेर जाणार नाही म्हणतात, आणि दुसऱ्याने नेसवलेली साडी नको म्हणतात."

मी मांडवीला त्यांच्या घरी गेले. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. तोंड किंचित वाकडं झालं होतं, नजर तीच.

"सुमन, तू काय करणार?" त्या म्हणाल्या. शब्द जड येत होते. "एका हाताचा ब्लाऊज असतो का?"

"माहीत नाही, बाई," मी म्हटलं. "बघते."

घरी येऊन मी उजवा हात ओढणीने पोटाशी बांधून घेतला आणि डाव्या हाताने माझाच ब्लाऊज घालून बघितला. हुक लावायला दोन हात लागतात हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलंच नव्हतं. एक हात कापड धरतो, दुसरा हुक सरकवतो. धरणारा हातच नसेल तर? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला तर हात सोडवून घेता येत होता.

पहिला ब्लाऊज चिकटपट्टीचा केला. ती साडीला चिकटली आणि जरीचे धागे ओढले गेले. बाईंनी तो परत केला. दुसरा टिचबटणांचा. बटण दाबायला मागून आधार लागतो, छातीवर दाबलं की दुखायचं. तोही परत. "दोन प्रयत्न," बाई म्हणाल्या. "तिसरा नीट विचार करून कर." मला पुन्हा नववीत गेल्यासारखं वाटलं.

आठ दिवस मी आणि नाझनीन त्याच विचारात होतो. एकदा चहा पिता पिता तिने मुलाच्या जॅकेटची चेन वर ओढून दाखवली. "मावशी, चेनचं खालचं टोक कायमचं शिवून टाकलं तर?"

तिथून सुटलं. पुढे चेन, खालून बंद, वरून उघडी. घालायचा तो डोक्यावरून. उजव्या बाहीचा घेर मोठा, म्हणजे गेलेला हात आधी सहज आत सरकवता येईल. पाठीच्या खालच्या कडेला इलॅस्टिक. चेन ओढताना ब्लाऊज वर येऊ नये म्हणून पुढे खाली एक पट्टी, ती परकराच्या कमरेत आकड्याने अडकवायची. परकरालाही नाडीऐवजी इलॅस्टिक. चेनच्या टोकाला बोट जाईल एवढी कडी, नाझनीनने तिच्यावर रेशीम गुंडाळून ती मण्यासारखी केली. चेनवर कापडाची झाकणपट्टी आली, की बाहेरून तो चारचौघींसारखा साधा ब्लाऊज. साडीच्या निऱ्या घालून आधीच शिवून ठेवल्या. बाईंची आवडती करड्या रंगाची सुती साडी मीनलने काढून दिली होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघी मांडवीला गेलो. मी बाईंना एकदा सगळं दाखवलं, कुठला हात आधी, पट्टी कुठे अडकवायची, कडीत कुठलं बोट. त्यांनी मान हलवली.

"आता बाहेर जा," त्या म्हणाल्या.

"आई, मी थांबते ना आत," मीनल म्हणाली. "पडलात बिडलात तर?"

"पलंगावर बसून करणार आहे. बाहेर जा. तिघी पण."

दार लावलं गेलं. आम्ही बाहेर उभ्या राहिलो. आतून पलंग करकरला. मग काहीच नाही. मग काहीतरी जमिनीवर पडलं आणि मीनलने कडीला हात घातला. मी तिचा हात धरून ठेवला. आतून बाईंचा श्वास ऐकू येत होता, जिना चढल्यासारखा. एकदा त्या स्वतःशीच रागाने काहीतरी बोलल्या. नाझनीन डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. मी मनात एक एक पायरी मोजत होते, आता बाही, आता डोकं, आता दुसरा हात. कुठे अडलं असेल ते मला कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

आणि मग आतून चेनचा आवाज आला. खालून वर, एका दमात.

मीनल भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेतला. दार अजून बंदच होतं. साडी राहिली होती, पदर राहिला होता. आम्हाला कसलीच घाई नव्हती.